दार कुठल्या अंगाला हाय?

कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमध्ये, शुक्रवारात म्हणा, मंगळवारात म्हणा, जी थोडी घरं अजून दगडी जोत्यावर उभी आहेत, त्यांच्या सोप्यात शिरलं की नजर आधी वर जाते. तुळईच्या खाली ओळीने तसबिरी. फेटा बांधलेले पणजोबा, डोक्यावरून पदर घेतलेल्या पणजी, तालमीत नाव काढलेले एखादे चुलत आजोबा. त्यातल्या काही तसबिरी फोटो नसतात. लांबून फोटोच वाटतात, जवळ गेलं की फरक कळतो. फोटोत फेट्याची प्रत्येक घडी आणि कोटाचं प्रत्येक बटण सारख्याच इमानाने आलेलं असतं. इथे चेहरा नेमका, पण खांद्यापर्यंत येईतो कोट धुरकट होऊन कागदात विरलेला. कुठे रेघ म्हणून दिसत नाही. नाकाची कड शोधायला जावं तर तिथे नुसता उजेड संपलेला असतो आणि सावली सुरू झालेली असते. खाली नाव, जन्म, मृत्यू. काढणाऱ्याचं नाव नसतं.

ह्याला पावडर शेडिंग म्हणतात. माझे थोरले चुलते, आमचे तात्या, हे काम करत. दिवसा दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, गणपतीत मंडळांचे देखावे. रात्री जेवणं झाली की माणसं. माणसं म्हणजे गेलेली माणसं. जिवंत माणसाने स्वतःचं पावडर शेडिंग करून घेतलेलं मी आमच्या घरी तरी पाहिलं नाही.

लोक दहावं-तेरावं उरकून त्यांच्याकडे येत. वर्षश्राद्धाला तसबीर भिंतीवर पाहिजे असे, त्यामुळे हातात वेळ असायचा. येताना जे सापडेल ते घेऊन येत. कडा पिवळ्या पडलेला पासपोर्ट साइज फोटो. साखर कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, निम्म्या गालावर शिक्का आलेला. लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचा नखाएवढा चेहरा आणि त्यावर पुढच्या माणसाच्या फेट्याची सावली. एकदा एक गृहस्थ काहीच न घेता आले. आईचा फोटो काढून ठेवावा हे घरात कधी कुणाला सुचलंच नव्हतं. तात्यांनी त्यांना माघारी लावलं नाही. "मावशी हाय काय?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी मावशी आली, थोरली बहीण आली, शेजारची एक म्हातारी आली. तात्यांनी पाटी-खडू घेतला. ते नाक काढायचे, तिघी भांडायच्या, तात्या ओल्या फडक्याने पुसायचे. "अशी न्हवती गं तिची जिवणी." पुन्हा पुसायचे. ज्या जिवणीवर तिघींचं भांडण थांबलं, ती त्यांनी कागदावर घेतली.

पण फोटो असो वा नसो, एक प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. "कुठं लावणार? दार कुठल्या अंगाला हाय?"

लोकांना वाटायचं, दिशा बघतायत. गेलेल्यांच्या तसबिरी दक्षिणेच्या भिंतीला असाव्यात, वगैरे. तात्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना उजेड कुठून येणार ते हवं होतं. पेठेतल्या घरांना खिडक्या कमी. सोप्यात उजेड येतो तो दारातूनच. तसबिरीच्या उजव्या हाताला दार असेल तर तात्या चित्रातल्या चेहऱ्यावरही उजेड उजवीकडूनच पाडत. मूळ फोटोत स्टुडिओच्या दिव्याने दोन्ही गाल सारखे पांढरे केलेले असोत, नाहीतर उजेड नेमका उलट्या बाजूने असो, ते सगळं बदलून घेत. मग ती तसबीर त्या भिंतीवर गेली की माणूस त्या घरात, त्या दाराच्या उजेडात बसल्यासारखा दिसे. लोक म्हणत, "तात्या, अगदी हुबेहूब आलाय बघा." हुबेहूब कशामुळे आलाय ते त्यांना सांगता यायचं नाही.

पुढे आर्ट टीचर डिप्लोमाला कलेचा इतिहास शिकताना फ्लॉरेन्सच्या ब्रँकाची चॅपेलमधली मसाच्चोची भित्तिचित्रं आमच्या पुस्तकात आली. 1420 च्या दशकातली. त्या प्रार्थनागृहाची खरी खिडकी ज्या बाजूला आहे, त्याच बाजूने त्याने चित्रातल्या माणसांवर उजेड पाडला आहे, त्यांच्या सावल्याही त्या हिशोबानेच पडतात, असं सरांनी सांगितलं. मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने तात्यांना ते सांगितलं. तात्या पाटीवर 'किराणा व भुसार' लिहीत होते. 'भुसार'चा उकार जागच्या जागी आहे ना, ते बघून म्हणाले, "मग? त्यालाबी खिडकी दिसली असंल."

तात्या कुठल्या शाळेत हे शिकले नव्हते. तरुणपणी ते उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत उमेदवार म्हणून लागले होते. तिथे वाळूच्या मिक्सरमध्ये उजव्या हाताची तर्जनी सापडली आणि पहिल्या पेरापासून गेली. जखम भरल्यावर जड काम जमेना, म्हणून त्यांना साच्यांना काळं लावायला बसवलं. वाळूच्या साच्यात तापलेला रस ओतण्याआधी आतून ग्राफाइटचा हात फिरवावा लागतो. त्याने वाळू धातूला चिकटत नाही आणि ओतीव वस्तू गुळगुळीत निघते. ते काळं तात्या ब्रशने, कापडाने, कोपऱ्याकोपऱ्यात हाताने लावत. साच्यात जे खोल, ते ओतल्यावर उंच येतं. साच्यात जे वर आलेलं, ते वस्तूत खड्डा होऊन बसतं. असं उलटं बघत ते कित्येक वर्षं बसले. माणसाच्या तोंडातली उंची-खोली त्यांना पुस्तकातल्या शरीरशास्त्राशिवाय कशी कळायची, ह्याचं उत्तर मला तिथे सापडतं. डोळ्याची खोबण, ओठांखालचा खड्डा, नाकपुडीमागची घळ, ह्या जागा ते फोटोत बघण्याआधी हाताने ओळखत.

पावडरही तिथलीच. ड्रॉइंगच्या दुकानात मिळणारी महागडी पावडर त्यांनी कधी घेतली नाही. फौंड्रीतलं ग्राफाइट आणून मलमलच्या फडक्यातून गाळत. पण ग्राफाइटला एक खोड असते. हलक्या छटांना ते फार गोड, आणि गडद करायला जावं तर चमकायला लागतं. केस काळे होण्याऐवजी शिशासारखे लकाकतात. म्हणून काळ्याभोर जागांसाठी तात्या कंदिलाच्या काचेवर धरलेली काजळी खरवडून वेगळ्या डबीत ठेवत. काजळी चमकत नाही. बुबुळ, मिशी, कोटाची कॉलर, टोपीची सावली हे सगळं काजळीचं. दोन डब्या, आणि त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून एकीच्या झाकणावर एक रेघ, दुसरीच्या दोन.

कागद ताणून बसवला की आधी मूळ फोटोवर चौकटी आखलेला बटर पेपर ठेवायचा, त्याच चौकटी मोठ्या प्रमाणात कागदावर कठीण पेन्सिलीने, दिसतील न दिसतील अशा. मापं तिथे घ्यायची. इथपर्यंत सगळेच पेंटर करतात. पुढचं तात्यांचं स्वतःचं होतं. बाकीचे लोक पांढऱ्या कागदावर हळूहळू काळं चढवत जातात. तात्या कापसाच्या बोळ्याने सगळा कागदच एकसारखा करडा करून टाकत. बघणाऱ्याला वाटावं, काम बिघडलं. मग ते रबर हातात घेत. साधं शाळेतलं रबर, ब्लेडने तिरकं कापून धारदार केलेलं. त्याने कपाळ उजळायचं, नाकाचा दांडा, गालाचं हाड, खालच्या ओठावरची ओल. करड्या कागदातून माणूस उजेडाच्या बाजूने बाहेर यायला लागे. जिथे उजेड मऊ पाहिजे, म्हणजे म्हातारीच्या गालावर किंवा लहान पोराच्या कानाच्या पाळीवर, तिथे रबर नाही, शिळा पाव. मधला गर मळून त्याची गोळी करायची आणि नुसती टेकवून उचलायची. रबराचा शोध लागायच्या आधी युरोपातले चित्रकार खोडायला पावच वापरत, हे मी नंतर वाचलं. तात्यांना ते कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक एका रात्री चहाबरोबर पाव होता आणि रबर सापडत नव्हतं.

उजेड झाला की सावल्या. त्यासाठी टिपकागद घट्ट गुंडाळून केलेली टोकदार नळी, ज्याला ड्रॉइंगवाले स्टम्प म्हणतात. तर्जनी नसल्यामुळे तात्या ती अंगठा आणि मधल्या बोटात धरत. त्यामुळे मनगट वळायचं नाही, हात कोपरापासून फिरायचा. बारीक, चिमटीतले फटकारे त्यांच्या हातून यायचेच नाहीत. सावली पडायची ती सबंध, एका दमात. आणि शेवटी गाल, गळा, कपाळाची बाजू जिथे छटेतून छटेत कळू न देता जायचं असतं, तिथे ते नळी खाली ठेवत आणि तर्जनीचं थोटूक फिरवत.

चित्रकलेच्या वर्गात पहिली सूचना असते, बोटाने घासू नका. बोटाला घाम असतो, तेलकटपणा असतो. कागदावर डाग उठतो आणि वर ठशाच्या रेघा. मी स्वतः वर्गात मुलांना हेच सांगते. तात्यांच्या त्या थोटकावर ठसा नव्हता. जखम भरून आलेली कातडी गुळगुळीत असते, तिच्यावर रेषा नसतात आणि तिला घामही जवळजवळ येत नाही. त्या बोटाने फिरवलेली पावडर कागदावर जशी बसायची, तशी कुठल्याही ब्रशने, स्टम्पने, कापसाने बसलेली मी पाहिलेली नाही.

डोळे सगळ्यांत शेवटी. मला नेमके डोळे आधी काढायची सवय. एलिमेंटरीच्या तयारीला मी त्यांच्या शेजारी बसून सराव करायची, तेव्हा ते एकदा माझ्या कागदाकडे बघून म्हणाले, "डोळं शेवटाला काढावं, पोरी. आधी काढलंस की ते तुझ्याकडंच बघत बसतंय. मग बाकीचं तू भिऊन काढतीस."

"मग एवढा वेळ नुसतं बिनडोळ्याचं बघत बसायचं?"

"बसायचं. घाई कुणाला हाय? गेलेलं माणूस आता कुठं जातंय?"

बुबुळातला उजेडाचा ठिपका ते रबराने काढत नसत, ब्लेडच्या टोकाने कागद किंचित खरवडून काढत. तो एकदाच होतो. चुकला तर परत नाही. त्याआधी उठून हात धुवायचे, पाणी प्यायचे, बाहेर कट्ट्यावर जाऊन यायचे. ठिपका झाला की स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा फवारा. फवारायची दोन नळ्यांची फुंकणी त्यांनी लेथवर बनवून घेतली होती. लाख बसली की पावडर कागद सोडत नाही.

साधन मिळत नसेल तर घडवायचं, ही कोल्हापूरची जुनी खोड आहे. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ. लाकूड, लोखंड, मूर्तिकाम हा घरचा धंदा. 1910 नंतरच्या पाच-सहा वर्षांत पश्चिम भारतातल्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्यांचं नाव आघाडीवर होतं, आणि गावाने त्यांचं आडनावच पेंटर करून टाकलं. सिनेमाचं वेड लागल्यावर त्यांना कॅमेरा पाहिजे होता. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथेच बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. 'सैरंध्री' 1920 चा. चित्रीकरणाआधी पात्रांचे पोशाख, हालचाली, देखावे ते कागदावर काढून घेत. त्यांचा सिनेमा आधी चित्र होता. दामले आणि फत्तेलाल हे दोघेही त्याच हातांखाली तयार झाले, आणि 1929 मध्ये प्रभात कंपनीही आधी कोल्हापुरातच सुरू झाली. बाबूरावांकडेच पेंटर म्हणून वावरलेले चंद्रकांत मांडरे पुढे पडद्यावर गाजले, पण हातातली पावडर त्यांनी सोडली नाही. राजारामपुरीतलं त्यांचं घर आज सरकारी संग्रहालय आहे, आणि तिथे त्यांची पावडर शेडिंगची कामं बघायला मिळतात.

तात्यांना मी एकदा तिथे घेऊन गेले होते. ते काचेला नाक लावून प्रत्येक चित्रापुढे एवढा वेळ थांबत होते की राखणदार दोनदा येऊन बघून गेला. चित्र आवडलं की नाही हे ते बोललेच नाहीत. "हे ढग बघ," म्हणाले, "हे कशानं उचललं असंल? रबर न्हवं हे." पाटीवर माध्यम लिहिलेलं असतं. ते कसं वापरलं, ते पाटीवर मावत नाही. ज्यांना विचारायचं ते 2001 मध्ये गेले होते.

ह्या गावाला चित्रं हरवण्याची दुःखं नवी नाहीत. आबालाल रहिमान हे कुराणाच्या प्रती सुंदर अक्षरात लिहिणाऱ्या घरातले, मुंबईला जे. जे.त शिकून परत आले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार केलं. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ ह्यांचा पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा उजेड त्यांनी कागदावर उतरवला. 1922 मध्ये महाराज गेले, तेव्हा आबालालांनी आपली ढीगभर चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं इथली जुनी माणसं सांगत आली आहेत. बाबूरावांचे मूकपट बहुतेक नष्ट झाले. 1925 चा 'सावकारी पाश' आता फक्त वर्णनांतून माहीत आहे. रंगवलेले पडदे ही तर वापरायचीच वस्तू, गुंडाळून-उलगडून झिजायचीच. आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आमचं केशवराव भोसले नाट्यगृह, आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी माणसं खासबागेच्या बाजूला उभी राहून रडत होती.

हे रडणं मला समजतं. गेलेली वस्तू डोळ्यांपुढे असते, तिचं मोजमाप असतं, ती पुन्हा बांधा म्हणून मागणी करता येते. चित्र काढायची रीत जाते तेव्हा असं काही होत नाही. आबालाल रंग कसा पातळ करत, कुठला ब्रश कुठे धरत, कागद किती ओला ठेवत, हे ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी 1931 मध्ये त्यांच्याबरोबर गेलं. जी चित्रं टाउन हॉलच्या संग्रहालयात सुरक्षित आहेत, त्यांचीही रीत गेलेलीच आहे. पाण्यात गेलेल्या चित्रांबद्दल आम्ही शंभर वर्षं बोलतो आहोत. हातांबरोबर जे गेलं, त्याबद्दल बोलायला काही धरायलाच सापडत नाही.

तात्यांचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत संपलं. आधी पाट्या गेल्या. फ्लेक्स आला आणि अक्षरं काढणाऱ्या पेंटरांचे ब्रश बघता बघता सुकले. मग तसबिरी गेल्या. स्टुडिओवाला मोबाइलमधला फोटो घेतो, मागचं सगळं पुसून निळं आकाश टाकतो, शर्टावर कोट चढवतो आणि लोक चहा पिऊन येईपर्यंत फ्रेम तयार असते. तात्यांनी त्याबद्दल कुणाला बोल लावला नाही. "त्येंचं बी पोट हाय," म्हणत. फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची. कुणाच्या घरी तसा फोटो दिसला की तोंडावरचा उजेड बघायचे, मग दाराकडे बघायचे, आणि काही न बोलता चहा घ्यायचे.

ते गेले तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. मी चित्रकला शिक्षिका, तेव्हा ती माझ्याकडेच यायला हवी, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. दोन डब्या, एकीवर एक रेघ, दुसरीवर दोन. स्टम्प, तिरकं कापलेलं रबर, फुंकणी, मलमलचं फडकं. मी ती पेटी उघडून ठेवली तेव्हा मला खरंच वाटलं होतं की ही रीत आता माझी आहे. मला सगळं माहीत होतं. त्यांच्या शेजारी बसून मी सगळं पाहिलेलं होतं.

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर एक कुटुंब आमचा पत्ता शोधत आलं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं आणि भिंतीवरच्या तसबिरी भिजल्या होत्या. कागदात गुंडाळून त्यांनी आजोबांचं पावडर शेडिंग आणलं होतं. काच फुटलेली, कागदाला लाटा आलेल्या, खालच्या बाजूला गाळ. लाखेने बरंच धरून ठेवलं होतं. कपाळ, फेटा, डोळे शाबूत होते. डावा गाल आणि गळा मात्र ओल्या कागदाबरोबर सोलून निघाला होता. तात्या नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. कळल्यावर थोडा वेळ थांबून त्यांच्यातली मुलगी म्हणाली, "मग मॅडम, तुम्ही करा की. तुम्ही त्यांच्याकडंच शिकलाय न्हवं?"

मी कागद सपाट केला, गाळ झटकला, नवा कागद मागून चिकटवला. त्यांच्याच डबीतली पावडर घेतली, त्यांच्याच रबराने गाल उजळला, त्यांच्याच स्टम्पने सावली भरली. तंत्राने बघाल तर काम बरोबर झालं. आणि दुरूनसुद्धा दिसत होतं की ह्या चेहऱ्याला दोन माणसांचे हात लागले आहेत. माझी सावली तुकड्यातुकड्याने चढलेली, कारण मला तर्जनी आहे, मी चिमटीत धरते, माझं मनगट वळतं. गालाची शेवटची छटा मला बोटाने करून बघायची होती. मी केली. माझ्या बोटाचा ठसा गालाच्या उतरणीवर बारीक रेघांनी उमटला. रबराने उचलला, पावाने उचलला, पुन्हा कापसाने भरलं. त्या एका तळव्याएवढ्या जागेत तात्या आणि मी इतके शेजारी शेजारी होतो आणि मधली फट मला बुजवता येत नव्हती.

ते गेले तेव्हा मी रडले होते, घरातले सगळे रडतात तशी. तात्या नाहीत म्हणजे नेमकं काय नाही, ते मला ह्या कागदापुढे कळलं. मला वाटत आलं होतं, रीत म्हणजे कृती. आधी करडं, मग उजेड, मग सावली, डोळे शेवटी. ती कृती माझ्याकडे होती. पण तात्यांची रीत त्यांना मिक्सरने दिलेल्या बोटात होती, साच्यांपुढे घालवलेल्या वर्षांत होती, कोपरापासून फिरणाऱ्या हातात होती. त्यांच्यावर जे जे ओढवलं, त्याची त्यांनी सोय लावली, आणि त्या सोयीला आम्ही तंत्र म्हणत होतो. ते शिकवण्याजोगं नव्हतं, आणि त्यांनी मला ते शिकवायचा प्रयत्नही केला नव्हता. आता आठवून बघते तर त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल कधी सरळ केली नाही. डोळे शेवटी काढ म्हणाले, तेही एकदाच. मी पुढेही आधीच काढत राहिले, ते बघत राहिले.

त्या कुटुंबाला काम पसंत पडलं. पैसे किती म्हणून विचारलं. मी घेतले नाहीत. ते घेण्याजोगं मी काही केलं नव्हतं. जाताना मी सवयीने विचारून बसले, "कुठं लावणार?" घर सोडलं, म्हणाले, आता उपनगरात फ्लॅट घेतलाय, तिथे हॉलमध्ये लावू. मी दार कुठल्या बाजूला ते विचारलं नाही. त्या आजोबांवर शुक्रवार पेठेतल्या दाराचा उजेड पडलेला आहे, आणि तो आता कुणाला हलवता येणार नाही.

शेवटच्या आजारपणात एकदा मी तात्यांना म्हणाले होते, तुमचं पावडर शेडिंग मी करणार. ते हसले. "नको. स्टुडिओतला फोटूच लाव. तू केलंस तर ते तुझ्यासारखं दिसंल." तेव्हा मी रुसले होते. आता आमच्या सोप्यात त्यांचा रंगीत फोटो आहे, मागे निळं आकाश, अंगावर कधी न घातलेला कोट.

तात्यांची कृती मी वर सगळी लिहिली आहे, काही हातचं राखलेलं नाही. ग्राफाइट गाळून घ्यावं, गडदासाठी काजळी वेगळी ठेवावी, आधी कागद करडा करावा, उजेड रबराने आणि मऊ उजेड पावाने उचलावा, तसबीर कुठल्या भिंतीला लागणार ते आधी विचारून घ्यावं. कुणीही करून बघावं. नीट केलं तर चित्र चांगलं होईल. ते तात्यांचं होणार नाही, आणि तेवढ्यासाठी कुणी कागद फाडू नये.